धार्मिक कॉलेजची नियमपुस्तिका: श्रद्धा कुठे लिहावी, नियम कुठे थांबवावा?

सीवूड्स_पूर्व

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका ख्रिस्ती अल्पसंख्याक ट्रस्टच्या पदवी कॉलेजची नियमपुस्तिका नव्याने लिहायची आहे. मसुदा समितीत पाच जण आहोत. कॉलेज विनाअनुदानित, मुंबई विद्यापीठाशी संलग्न, मुलांचं आणि मुलींचं अशी दोन वसतिगृहं. विद्यार्थी बहुतांश इतर धर्मांचे.

तिढा असा. जुन्या पुस्तिकेत एक वाक्य आहे: 'विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती नीतिमूल्यांशी विसंगत वर्तन करू नये, केल्यास वसतिगृहातून काढण्यात येईल व पालकांना कळवण्यात येईल.' विश्वस्तांना त्यात विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, हे स्पष्ट लिहून हवं आहे. तिकडे काही विद्यार्थ्यांनी एलजीबीटी विद्यार्थ्यांचा गट सुरू करू द्या म्हणून प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. शिवाय ज्या परदेशी विद्यापीठाशी विद्यार्थी देवाणघेवाणीचा करार चालू आहे, त्यांच्या मसुद्यात भेदभावबंदीचं कलम आहे. म्हणजे काहीही लिहिलं तरी कोणीतरी दारात उभं राहणार.

विचारायचं ते एवढंच: श्रद्धेचं वाक्य आपल्या कायद्यात बसतं का? गटाला नाही म्हणता येतं का? आणि अमेरिका-कॅनडातल्या अशा कॉलेजांचं नेमकं काय झालं, कोण कुठे अडकलं? धर्म चांगला की वाईट हा वाद इथे नको. कलम, मुदत, वाक्यरचना असं काही असेल तर सांगा.

कोर्टनाका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: बसतं. घटनेच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिला आहे. विवाहाबद्दल बोलायचं तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे 'आमचं चर्च विवाह असा मानतं' एवढं लिहिल्याने कुठलाही कायदा मोडत नाही.

पण कलम ३० चा हक्क चालवण्याचा आहे, गैरकारभाराचा नाही. हे सर्वोच्च न्यायालय १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयकावरच्या मतापासून सांगत आलं आहे, आणि २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनीही शैक्षणिक दर्जा आणि विद्यार्थ्यांचं हित यासाठीचे नियम अल्पसंख्याक संस्थांना लागू राहतात असंच धरलं. तुमचा धोका जुन्या पुस्तिकेतल्या त्या वाक्यात आहे. 'विसंगत वर्तन' म्हणजे काय? हे ठरवणार कोण, वॉर्डन? नियम इतका सैल असला की तो ज्याच्यावर वापरला जातो त्याला कोर्टात फक्त एवढंच विचारायचं असतं की हाच नियम बाकीच्यांना कधी लावला.

आता हात बांधणाऱ्या तरतुदी. चारच सांगतो, कारण कागद शेवटी यांच्याशीच ताडून पाहिले जातात.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) रॅगिंगविरोधी विनियम २००९ चे. त्यांत २०१६ च्या दुरुस्तीने एक उपकलम आलं: रंग, वंश, धर्म, जात, लिंग (तृतीयपंथी धरून), लैंगिक कल, रूप, भाषा, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यांवरून दुसऱ्या विद्यार्थ्याचा शारीरिक वा मानसिक छळ, त्यात हिणवणं आणि वाळीत टाकणंही आलं, हे रॅगिंग. लैंगिक कल हा शब्द तिथे छापील आहे. तुमचे सगळे विद्यार्थी आणि पालक दरवर्षी जे हमीपत्र भरतात ते याच विनियमांखालचं. तेव्हा 'आमच्याकडे हा विषयच नाही' असं म्हणायची सोय २०१६ मध्येच संपली. महाराष्ट्राचा स्वतंत्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. मात्र एक लक्षात घ्या: रॅगिंग हे विद्यार्थ्याने विद्यार्थ्याचं केलेलं असतं. वॉर्डन किंवा प्राध्यापकाने छळलं तर ते प्रकरण रॅगिंगविरोधी समितीकडे जात नाही.

ते जातं विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्यावर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील.

तिसरा, तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९, जो १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. कलम ३ शिक्षणसंस्थेतला भेदभाव मना करतं, कलम १३ सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेला भेदभाव न करता शिक्षण, खेळ, करमणूक यांची संधी द्यायला सांगतं, आणि कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला एक तक्रार अधिकारी नेमावा लागतो. अल्पसंख्याक संस्थांना यात सूट नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या किती कॉलेजांच्या फलकावर हे नाव लावलेलं दिसतं, ते बघून या.

चौथं कलम २८(३). हे सगळे विसरतात. राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याचं अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. 'किंवा' शब्द पाहा. तुम्ही विनाअनुदानित असाल, मान्यताप्राप्त आहातच. विद्यार्थी १८ चा झाला की संमती त्याची स्वतःची, पालकांची नव्हे. प्रवेश अर्जात त्यासाठी वेगळी ओळ आणि वेगळी सही ठेवा. छापील अटींच्या पोटात दडपलेली संमती ही संमती नव्हे.

खाडीपलीकडे

तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो. त्यातच दुसऱ्याचंही उत्तर आहे.

सगळ्यात कामाचं प्रकरण वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं. जेझुइटांची, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाची संस्था. समलिंगी विद्यार्थ्यांच्या गटांना विद्यापीठाने मान्यता नाकारली, कारण मान्यता दिली तर विद्यापीठाने पाठिंबा दिल्यासारखं होईल. १९८७ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने प्रश्नाचे दोन तुकडे केले. विद्यापीठाने आपलं नाव आणि मान्यतेचा शिक्का द्यावाच अशी सक्ती नाही. पण इतर गटांना ज्या सुविधा मिळतात त्या यांनाही द्याव्या लागतील. या सुविधा म्हणजे काय होत्या? टपालपेटी, टपाल पाठवायची सोय, पत्त्यांच्या चिठ्ठ्या, निधीसाठी अर्ज करायची मुभा. इतक्या किरकोळ गोष्टींसाठी वर्षानुवर्षं वकील पोसले. पुढे २००८ मध्ये याच विद्यापीठाने या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र उघडलं, आणि चर्चची विवाहाबद्दलची शिकवण होती तशीच राहिली.

तुमच्या गटाच्या अर्जाला हीच फोड लावा. गटाने कॉलेजचं बोधचिन्ह वापरायचं नाही, पत्रकावर 'गटाची मतं ही महाविद्यालयाची मतं नव्हेत' ही ओळ टाकायची. आणि हे सगळ्याच गटांना, नाट्यमंडळापासून ट्रेकिंगवाल्यांपर्यंत. मग खोली, सूचनाफलक, जिमखाना फीतला वाटा यांचे नियम एकच. याच गटाला खोली नाकारायची असेल तर सगळ्यांना नाकारावी लागेल. न्यूयॉर्कच्या यशिवा या ज्यू विद्यापीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये अक्षरशः तेच केलं: एका गटाला मान्यता द्यायला लागू नये म्हणून पदवीच्या सगळ्या विद्यार्थी गटांचं कामकाज थांबवलं. बाकीची पोरं कोणावर चिडली असतील ते सांगायला नको.

यशिवाची दुसरी गोष्ट विश्वस्तांना मुद्दाम वाचून दाखवा. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात ते हरले ते धर्मशास्त्रावर नाही, सनदेवर. शहराच्या मानवी हक्क कायद्यात धार्मिक संस्थेला सूट होती, पण यशिवाची सनद १९६७ मध्ये बदलून तिथे 'शैक्षणिक' संस्था अशी नोंद झालेली. कोर्टाने म्हटलं, कागदावर तुम्ही धार्मिक संस्था नाहीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना आधी राज्याच्या कोर्टातच जायला सांगितलं. आपण धार्मिक आहोत की नाही हे बघायला जो कागद एरवी कोणी वाचतही नाही, तोच कोर्टात आधी उघडला जातो.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियातलं ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठ. विवाहबाह्य शरीरसंबंध ठेवणार नाही, आणि विवाह म्हणजे पुरुष-स्त्री, असा करार प्रत्येक विद्यार्थ्याला सही करून द्यावा लागे. २००१ मध्ये शिक्षक प्रशिक्षणाच्या खटल्यात हे विद्यापीठ जिंकलं. १५ जून २०१८ रोजी विधी महाविद्यालयाच्या खटल्यात ७ विरुद्ध २ ने हरलं. फरक कुठे पडला? पहिल्या वेळी प्रश्न होता की इथून निघालेले शिक्षक पुढे शाळेत भेदभाव करतील का, आणि त्याचा पुरावा कोणाकडे नव्हता. दुसऱ्या वेळी प्रश्न दाराशीच होता: सहीच्या सक्तीमुळे काही जणांना प्रवेशाची समान वाट उरत नाही. निकालानंतर दोन महिन्यांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी सही ऐच्छिक केली. विद्यापीठ ख्रिस्तीच राहिलं. सक्ती गेली, बस्स.

धरसोड करणाऱ्यांचे हाल सर्वांत वाईट. कॅलिफोर्नियातल्या अझुसा पॅसिफिकने ऑगस्ट २०१८ मध्ये समलिंगी नात्यांवरची बंदी काढली, महिन्याभरात विश्वस्त मंडळाने परत आणली, मार्च २०१९ मध्ये पुन्हा काढली. युटातल्या ब्रिघम यंग या मॉर्मन चर्चच्या विद्यापीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये आचारसंहितेतला 'समलिंगी वर्तन' हा भाग गाळला. विद्यार्थ्यांना वाटलं आता हात धरून फिरायला हरकत नाही. ४ मार्चला खुलासा आला की समलिंगी प्रेमसंबंध तरीही तत्त्वांशी विसंगत. शब्द गाळताना त्या जागी नियम काय, हे लिहिलंच नव्हतं. तुमची समिती नेमकी याच वळणावर आहे म्हणून सांगतोय.

दबाव दोन्हीकडून येतो तो असा: २०१५ मध्ये गोशेन कॉलेज आणि ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठाने समलिंगी विवाह केलेल्यांनाही नोकरीवर घ्यायचं ठरवलं. ख्रिस्ती कॉलेजांच्या परिषदेने लगेच त्यांना बाहेर काढलं नाही म्हणून टेनेसीतलं युनियन विद्यापीठ रागाने बाहेर पडलं, आणि शेवटी ती दोन कॉलेजंही आपणहून बाहेर पडली.

आणि पैसा. अमेरिकेतल्या बॉब जोन्स या ख्रिस्ती विद्यापीठात गोऱ्या-काळ्या विद्यार्थ्यांना एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवायला बंदी होती, तीही धर्माच्या नावाने. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ ने करसवलत काढण्यावर शिक्का मारला. ती बंदी त्यांनी २००० मध्ये उठवली. हे प्रकरण वंशाचं, लैंगिक कलाचं नव्हे, पण तेव्हापासून प्रत्येक धार्मिक कॉलेजच्या खजिनदाराच्या उशाशी आहे. शिक्षणात लिंगभेद मना करणाऱ्या अमेरिकेच्या टायटल नाइन कायद्यात (१९७२) धार्मिक नियंत्रणाखालच्या संस्थांना सूट आहे. ती सूटच घटनाबाह्य ठरवा म्हणून विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये खटला भरला, तो खालच्या कोर्टात आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अपिलातही फेटाळला गेला. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये मधला मार्ग काढला: सूट घ्यायची असेल तर घ्या, पण विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना ते आधी कळवा. उघड सांगणं, एवढीच अट.

अर्थात ही सूट तिथली. इथे तिचा दाखला देऊन काही मिळणार नाही.

येऊर_पायथा

वसतिगृहाबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि खरी प्रकरणं तिथेच होतात.

'पालकांना कळवण्यात येईल' हे वाक्य आधी काढा. मूल १८ वर्षांचं आहे, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना लैंगिक कलाचा वेगळा उल्लेख केला आहे. पालकांना कळवणं म्हणजे त्या मुलाला घराबाहेर काढणं ठरू शकतं, किंवा घरात डांबणं. अपघात, इस्पितळ, बेपत्ता होणं, जिवाला धोका: कळवायची कारणं अशी मोजून लिहा आणि यादी तिथेच बंद करा.

दुसरं, समुपदेशन. 'समुपदेशनासाठी पाठवण्यात येईल' हे शिक्षेच्या रकान्यात कधीही लिहू नका. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या सुषमा प्रकरणातल्या आदेशात लैंगिक कल 'बदलण्याच्या' उपचारांवर बंदी घातली, त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हा डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ३ सांगतं की समाजातल्या नैतिक मूल्यांशी किंवा धर्मश्रद्धांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आयोगाचा आदेश डॉक्टरला लागू, फादरला नाही, अशी पळवाट कोणी सुचवेल. सुचवू द्या, तक्रार निवारण समितीपुढे ती टिकायची नाही. फादरकडे मन मोकळं करायची सोय ठेवा, फक्त ती विद्यार्थ्याने मागितली तर.

तिसरं, खोल्या. संशयावरून खोली बदलणं, दोघांना वेगळं करणं, रात्री कडी वाजवून 'तपासणी' हे बंद. केरळ उच्च न्यायालयाचा १९ सप्टेंबर २०१९ चा फहीमा शिरीन निकाल वाचा: मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० फोन बंदी, ती न पाळणाऱ्या मुलीला काढलं, कोर्टाने परत घ्यायला लावलं. खासगी अनुदानित कॉलेज होतं. शिस्त लावायचा अधिकार कोर्टाने नाकारला नाही, नियम वाजवी हवा एवढं म्हटलं.

माझं मत विचाराल तर वर्तनाचं कलमच काढून टाका. चोरी, मारामारी, नशा, छळ याला स्वतंत्र नियम आहेतच. उरतं काय? कोण कोणावर प्रेम करतो ते. ते कॉलेजचं काम नाही.

जुनं_ठाणं

येऊर_पायथा, शेवटच्या परिच्छेदाशी असहमत, बाकी मान्य.

वर्तनाचं कलम नसलेलं धार्मिक वसतिगृह म्हणजे भिंतीवर क्रूस असलेलं लॉज. तिथे राहणाऱ्याकडून संयमाची अपेक्षा करायचा हक्क संस्थेला आहे. पण ती अपेक्षा सगळ्यांकडून सारखी हवी, आणि इथेच आपल्या संस्था फसतात. मुलगा-मुलगी पाम बीच रोडला बाइकवरून फिरताना दिसले तर 'वयच तसं आहे', आणि दोन मुली एकाच छत्रीत दिसल्या तर वॉर्डनचं रजिस्टर. मग तो नियम वर्तनावर नाही, माणसावर झाला. चेंबूरच्या कॉलेजचं प्रकरण आठवा, ते या विषयाचं नसलं तरी. हिजाब, टोपी, बॅज यांना मनाई करणारं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयात टिकलं. ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंशतः स्थगिती दिली, आणि सुनावणीत सवाल हाही आला की मग टिळा-टिकलीचं काय.

आता धर्माच्या बाजूने. 'ख्रिस्ती नीतिमूल्ये' हा शब्द ख्रिस्ती माणसालाच चालणार नाही. कुठलं चर्च? आपल्या पट्ट्यात लॅटिन विधीचा मुंबई महाधर्मप्रांत आहे, १९८८ पासूनचा सिरो-मलबार कल्याण धर्मप्रांत (आता महाधर्मप्रांत) आहे, शिवाय मार्थोमा, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेंटेकोस्टल. ज्याची शिकवण पाळता त्याचं नाव लिहा. कॅथलिक असाल तर चर्चची अधिकृत धर्मशिकवण परिच्छेद २३५७ ते २३५९ मध्ये प्रवृत्ती आणि कृती वेगळी धरते, आणि २३५८ मध्ये अशा व्यक्तींना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारावं, अन्यायकारक भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी, असं सांगते. विश्वस्तांना विवाहाचं वाक्य छापायचं असेल तर हेही त्याच पानावर छापावं. अर्धी शिकवण ही शिकवण नव्हे. डिसेंबर २०१३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं तेव्हाचं कलम ३७७ कायम ठेवणारा निकाल आला तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्याला जाहीर विरोध केला होता, आणि समलिंगी विवाहालाही त्यांची मान्यता नव्हती. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

मसुदा देतो, हवा तसा तासा:

'हे महाविद्यालय ज्या चर्चच्या परंपरेतून उभे राहिले ते विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांच्यातील आजन्म बंध मानते. ही संस्थेची श्रद्धा आहे. ती मान्य असणे ही प्रवेशाची, परीक्षेची, शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची किंवा विद्यार्थी प्रतिनिधित्वाची अट नाही.'

आणि वसतिगृहाच्या प्रकरणात, वेगळ्या पानावर: 'वसतिगृहाच्या इमारतीत शरीरसंबंधांस सर्व निवासी विद्यार्थ्यांना मनाई आहे. हा नियम लागू करताना विद्यार्थ्याचा लिंगभाव वा लैंगिक कल विचारला किंवा नोंदवला जाणार नाही. केवळ संशय, ऐकीव माहिती वा समाजमाध्यमावरील मजकूर यांवरून कारवाई होणार नाही.'

पहिलं वाक्य 'आमच्याविषयी' मध्ये जातं, दुसरं 'नियम' मध्ये. दोन्ही एकाच परिच्छेदात आली की वॉर्डन पहिल्याचा वापर दुसऱ्यासाठी करतो.

येऊर_पायथा

'विचारला किंवा नोंदवला जाणार नाही' हे असेल तर माझा आक्षेप मागे. शिक्षेचा क्रमही लिहा: लेखी नोटीस, उत्तराला सात दिवस, समितीपुढे म्हणणं, मग निर्णय. 'तात्काळ' हा शब्द फक्त मारहाण किंवा जिवाला धोका असेल तिथे.

सीवूड्स_पूर्व

खूप उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. विश्वस्त म्हणतात, विद्यार्थ्यांचं ठीक आहे, पण प्राध्यापकांनी तरी श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी. आणि यशिवासारखं आपल्या ट्रस्टच्या कागदातही फक्त 'शैक्षणिक कार्य' असलं तर?

कोर्टनाका

कागदाचं आधी. अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ विरुद्ध ३ ने जी कसोटी सांगितली ती स्थापनेच्या मुळाशी जाते: कल्पना कोणाची, हेतू काय, पैसा-जागा कोणी उभी केली. म्हणून जुने ठराव, देणगीपत्रं, सिडकोकडून भूखंड घेतला असेल तर तेव्हाचा अर्ज, हे सगळं एका फाइलीत लावा. उद्देशांत धार्मिक हेतू नसेल आणि संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही नोंदलेली असेल, तर उद्देश बदलायला कलम १२ ची वाट आहे: दहा दिवसांची सूचना देऊन विशेष सभा, तीन पंचमांश मतं, एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि पुन्हा तीन पंचमांश. त्यानंतर धर्मादाय आयुक्त कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज, ९० दिवसांच्या आत. ही मुदत चुकली म्हणून अडकलेले अर्ज ढिगाने सापडतील. विद्यार्थ्यांच्या गटाचा अर्ज टेबलावर असताना मात्र उद्देश बदलायला घेऊ नका. तारखाच सांगतील की कशासाठी बदलले.

प्राध्यापकांचं. ६ जानेवारी २०२० च्या कोंताई रहमानिया मदरसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाचे दोन भाग केले: धर्म, वारसा, भाषा जपणारं, आणि गणित-विज्ञानासारखं धर्मनिरपेक्ष. पहिल्यात संस्थेला निवडीचं मोठं स्वातंत्र्य, दुसऱ्यात गुणवत्तेचे नियम सरसकट लागू करायला हरकत नाही. ते प्रकरण अनुदानित मदरशाचं होतं हे खरं, पण विभागणी उपयोगी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ आणि २०२० च्या निकालांत धर्म शिकवणाऱ्या शिक्षकांच्या नेमणुकीत कोर्ट ढवळाढवळ करणार नाही असंच म्हटलं. वाद चालतो तो फुटबॉल प्रशिक्षक आणि हिशेबनीस यांच्यावरून. तेव्हा चॅपलन (संस्थेचा धर्मगुरू), धर्मशिक्षण, नीतिशास्त्राचा धार्मिक पेपर यांच्या जाहिरातीतच श्रद्धेची अट लिहा. बी.कॉम.च्या अकाउंट्सच्या बाईंकडून सही घेऊ नका. त्यांच्याकडून मागायचं ते एवढंच की वर्गात संस्थेच्या श्रद्धेची टिंगल करणार नाही, आणि विद्यार्थ्याचीही नाही. तृतीयपंथी उमेदवाराला नोकरी नाकारणं २०१९ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये थेट मना आहे, तिथे सहीचा प्रश्नच येत नाही.

परदेशी कराराचं तुम्ही नंतर काही विचारलं नाही, तरी: त्यांचं भेदभावबंदीचं कलम जसंच्या तसं स्वीकारू नका आणि खोडूही नका. 'देवाणघेवाणीत सहभागी विद्यार्थ्यांची निवड, निवास व मूल्यमापन यांबाबत' असं क्षेत्र बांधून घ्या. मग ते कलम तुमच्या उपासनेपर्यंत पोचत नाही, आणि निवडीत तर तसाही भेदभाव करायचा नाहीये.

खारघर_टेकडी

एक बारीक भर. तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर. नवी मुंबई म्हणताना ऑफिसचे लोक सगळ्यांना ठाण्याला धाडतात. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणजे अलिबाग. पुस्तिकेत 'जिल्हाधिकारी, ठाणे' असं छापू नका, 'विद्यार्थ्याच्या निवासाच्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी' लिहा. प्रमाणपत्र आल्यावर हजेरीपट, ओळखपत्र, ग्रंथालयाचं कार्ड, वसतिगृहाची यादी, बसचा पास हे सगळं एकाच अर्जावर बदलायची सोय करा. नाहीतर हजेरीला जुनं नाव मोठ्याने पुकारलं जातं आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

रॅगिंगची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ आणि तक्रार अधिकाऱ्याचं पद मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला. व्यक्तीचं नाव छापू नका, बदली झाली की वर्षभर चुकीचं राहतं, नाव फलकावर. आणि पुस्तिका प्रवेश अर्जाच्या आधी संकेतस्थळावर चढवा, तारखेसकट. जूनमध्ये प्रवेश घेतलेल्याला ऑगस्टमध्ये छापलेला नियम दाखवून काही उपयोग होत नाही.